मागचं इंजिन

सासऱ्यांची गाडी नऊ डब्यांची,
एकास सत्त्याऐंशी मापाची.
कुडचड्याच्या बल्कांवात
जुनी दोन दारं जोडून केलेल्या टेबलावरून
रोज संध्याकाळी वास्कोहून मिरजेला निघते
आणि पुढे भिंत आहे म्हणून
कॅसलरॉकलाच वळसा घेऊन परत येते.

मी मोबाइल दुरुस्त करतो,
तेव्हा डाख द्यायचं काम माझं.
बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, फ्यूजची तार,
माझ्या बायकोच्या केसांतल्या पिना
(विचारून घेतलेल्या नाहीत).
ते भिंग धरतात, मी श्वास धरतो.

पुढचं इंजिन मात्र आयतं, पार्सलनं आलेलं.
धुराडं नको तेवढं जाड, रंगही भलताच.
म्हटलं, बदलूया.
म्हणाले, असू दे रे.
ते कसं दिसायचं मला काय ठाऊक?
एकतीस वर्षं गार्ड होतो मी.
वळणावर धूर दिसायचा, तेवढीच ओळख.

शेवटच्या डब्यावर आठ महिने गेले.
तांदळाच्या दाण्याएवढा कंदील.
हिरवा बावटा, लाल बावटा, पाण्याची सुरई.
पत्र्याची पेटी, पेटीवर पांढऱ्या अक्षरांत
घ. र. कुंकळ्येकर, हेही
वाचता येत नाही, पण आहे.

आणि त्याच्याही मागे,
गाडीच्या शेपटीला,
दुसरं इंजिन.
कुळ्याला जोडायचं,
सोनावळी, दूधसागर, करंजोळ,
घाट संपेपर्यंत मागून रेटायचं,
वर पोचलं की सोडून द्यायचं.
त्याचा एकेक रिबिट त्यांना पाठ.
लोक उजव्या खिडक्यांना लोंबकळून धबधबा बघायचे,
सासरे मागच्या खिडकीतून
हे काळं, घामट तोंड.
डाव्या दिव्याची काच तडकलेली होती.
आम्ही तीही तडकवली,
सुईनं, तिसऱ्या प्रयत्नात.

मग माजोर्ड्याहून इनास पिंटो आले.
ब्याऐंशी वर्षं, कान गेलेले,
मुलीनं रिक्षातून आणून सोडलेले.
हे इंजिन एकोणीस वर्षं त्यांच्या हातात होतं.
दोघांचं बोलणं म्हणाल तर तेव्हाही नव्हतंच.
त्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार?
वळणावर इनास बाहेर झुकायचे, हात वर करायचे,
हे बावटा हलवायचे. झाली भेट.

मला वाटलं, इंजिन बघून म्हातारा रडेल बिडेल.
त्यांनी इंजिनाकडे नुसती मान हलवली,
घरच्या माणसाकडे बघून हलवतात तशी,
आणि वाकले ते गार्डाच्या डब्यापाशी.
नाक टेकेल इतके जवळ.
"घनश्याम, हें हँडल उरफाटें."

सासरे चिडले.
जन्म काढला मी त्या डब्यात!
मोठ्यानं ओरडले, मग कागदावर लिहून दाखवलं.
इनासनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला.
"तूं भितर आसलो," ते म्हणाले.
"हें दार भायल्यान पळयलां तें हांवें."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
आतून जे उजवीकडे, ते बाहेरून डावीकडे,
साधी गोष्ट. माझ्याही लक्षात आली नव्हती.
मी डाखणी तापत ठेवली.
पिनेचा तो एवढासा तुकडा काढला,
पलीकडे लावला.
सासरे भिंग धरून होते,
पण बघत होते इनासच्या हाताकडे,
तो हवेत कसलातरी दांडा धरून होता.

चहा झाला. गाडी सोडली.
पुढचं आयतं इंजिन ओढतंय,
मागचं रेटतंय,
तिसऱ्या बोगद्यात नऊच्या नऊ डबे शिरले
आणि वीज गेली.
कुडचड्यात जाते तशीच, न सांगता.

मी मोबाइलची बॅटरी लावायला उठलो.
"बस," सासरे म्हणाले.
इनासना ऐकू गेलं नसणार,
तरी तेही हलले नाहीत.
अंधारात दोघे ताठ बसलेले,
गाडी घाटात थांबली की
सिग्नल पडेपर्यंत बसतात तसे.